सीबी ७५० की झेड-१: चालवून आणि खोलून झाल्यावरचं माझं मत

जुन्या जपानी चार सिलिंडर गाड्यांचा विषय निघाला की गाडी फिरून फिरून याच प्रश्नावर येते: होंडा सीबी ७५० घ्यावी की कावासाकी झेड-१? उत्तर देणारे बहुतेक जण हॉर्सपॉवर सांगतात, एकीची ६७ आणि दुसरीची ८२, आणि विषय मिटवून टाकतात. मला ते पटत नाही. या गाड्यांनी आता पन्नाशी ओलांडली आहे. एवढ्या वयाच्या गाडीची पारख करताना मी दोनच गोष्टी बघतो. आज ती ज्या वेगाने चालवली जाणार आहे, त्या वेगात ती कशी वागते? आणि खोलायची वेळ आली की कशी खोलते? दोन्ही गाड्या मी भरपूर चालवल्या आहेत आणि दोन्हींची इंजिनं पार क्रँकपर्यंत उघडली आहेत. माझं मत आधीच सांगतो. हातात पाना असेल तर मला कावासाकी आवडते, हातात हँडल असेल तर होंडा. आणि एकच ठेवायची असेल तर होंडा.

गोष्ट सुरू होते होंडापासून. १९६८च्या ऑक्टोबरमध्ये टोकियो मोटर शोमध्ये सीबी ७५० पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि १९६९मध्ये विक्रीला लागली. आडवी ठेवलेली चार सिलिंडर, ७३६ सीसी, हेडवर एकच कॅमशाफ्ट, पुढे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, बटन दाबून सुरू होणारं इंजिन, पाच गिअर. यातली एकेक गोष्ट आधी कुठे ना कुठे होऊन गेली होती. पण सगळं एकाच गाडीत, दुकानात जाऊन कुणालाही घेता येईल असं, तोवर कुणी दिलं नव्हतं. अमेरिकेत तिची किंमत १,४९५ डॉलर होती. ब्रिटिशांच्या ट्रायम्फ ट्रायडेंट आणि बीएसए रॉकेट थ्री या तीन सिलिंडरच्या गाड्या नुकत्याच बाजारात आल्या होत्या. त्यांना किक मारावी लागायची आणि पुढे ड्रम ब्रेक होता. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच वर्षी सीबी ७५०ने फ्रान्सची चोवीस तासांची बोल दोर शर्यत मारली आणि १९७०मध्ये डिक मान यांनी तिच्यावर अमेरिकेतली डेटोना २०० ही शर्यत जिंकली.

एक गोष्ट मात्र कमी लोकांना ठाऊक असते. ही गाडी इतकी खपेल असं खुद्द होंडालाच वाटलं नव्हतं. सुरुवातीचा अंदाज वर्षाला १,५०० गाड्यांचा होता. मागणी अशी आली की तोच आकडा महिन्याचा झाला आणि मग ३,०००वर गेला. म्हणूनच पहिल्या सात हजारांहून थोड्या जास्त गाड्यांची क्रँककेस मोठ्या खर्चाच्या डाय-कास्टिंगने नाही, तर साध्या साच्यात ओतून केलेली आहे. तिचा पृष्ठभाग खरखरीत दिसतो, त्यामुळे लोक तिला ‘सँडकास्ट’ म्हणतात. खरं तर साचा वाळूचा नव्हता, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. संग्राहक आज या गाड्यांच्या मागे धावतात. चालवायला गाडी हवी असेल तर त्यांच्या नादी लागू नका. के१, के२ (सुरुवातीच्या गाड्यांनंतरच्या सुधारित आवृत्त्यांची नावं) आणि त्यापुढची मॉडेलं रोजच्या वापरात जास्त समंजस आहेत. सुरुवातीच्या गाड्यांत अॅक्सिलरेटरची एक केबल खाली चार केबलींत फाटते आणि चारही कार्ब्युरेटर एकसारखे उघडत ठेवणं ही कायमची डोकेदुखी होऊन बसते. के१पासून चारही कार्ब्युरेटर एका दांड्यावर आले, उघडायला एक केबल आणि बंद करायला एक. एकदा सिंक करून ठेवले की बराच काळ तसेच राहतात.

कावासाकीचं दुःख आपण समजू शकतो. त्यांच्याकडेही चार सिलिंडरची ७५० तयार होत होती, ‘न्यूयॉर्क स्टेक’ या गुप्त नावाने, आणि होंडा आधी येऊन उभी राहिली. कावासाकीने मग घाई केली नाही, तेवढ्याच ताकदीची दुसरी गाडीही आणली नाही. सगळा आराखडा पुन्हा मांडला, ९०३ सीसी केलं, हेडवर दोन कॅमशाफ्ट बसवले आणि १९७२मध्ये झेड-१ दाखवली. बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ६६ मिलिमीटर, ८,५०० आरपीएमला ८२ हॉर्सपॉवर. जपानात मात्र त्या काळी ७५०च्या वरच्या गाड्या घरच्या बाजारात विकायच्या नाहीत अशी कंपन्यांची आपसातली मर्यादा होती. म्हणून तिथल्या लोकांसाठी झेड-२ ही ७४६ सीसीची बहीण आली. १९७३मध्ये डेटोनाच्या ट्रॅकवर झेड-१ने चोवीस तास सलग धावून ताशी सरासरी १७६ किलोमीटरचा विक्रम केला. इंजिन किती टिकतं याचा याहून मोठा दाखला मला तरी माहीत नाही.

आता चालवण्याबद्दल.

होंडाचं इंजिन थंड असताना चोक ओढायचा, बटन दाबायचं, आणि कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) स्वच्छ असतील तर दुसऱ्या फेरीत ते लागतं. चार सायलेन्सरमधून निघणारा आवाज एकदम भरीव पण सौम्य असतो. गिअर टाकून निघालात की पहिल्यांदा जाणवतो तो तिचा नरमपणा. दोन हजार आरपीएमवरही टॉप गिअरमध्ये ती कुरकुर न करता ओढते. ताशी ८० ते ११० या वेगात ती अशी चालते की वाटतं, हिला यासाठीच बनवलंय. या पट्ट्यात हँडलवर जेमतेम गुदगुल्या होतील एवढीच कंपनं येतात. असं का, तर आतले दोन पिस्टन वर असतात तेव्हा बाहेरचे दोन खाली असतात, आणि मोठी हालचाल एकमेकांना फेडून टाकते. उरतो तो दुप्पट गतीचा बारीक थरथराट. तो आरपीएमबरोबर वाढतो आणि आरशात मागचं दृश्य पुसट करतो. हे दोन्ही गाड्यांना लागू आहे. फक्त झेड-१चे पिस्टन मोठे आहेत आणि ती जास्त फिरायला बनलेली आहे, म्हणून तिच्यावर पेगमधून तळव्यांना जास्त जाणवतं.

झेड-१वर बसलात की वेगळी गाडी असल्याचं पहिल्या शंभर मीटरमध्ये कळतं. खालच्या आरपीएमला तीही गरीब गाय आहे, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. गर्दीत, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ती होंडाइतकीच शहाण्यासारखी वागते. पण सुई पाच हजारांच्या वर गेली की इंजिनाचा श्वास बदलतो. आवाज जाड होतो, पुढचं चाक हलकं होतं आणि गाडी जी सुटते ती लाल रेघेपर्यंत थांबायचं नाव घेत नाही. त्या काळच्या चाचण्यांत तिने ताशी २१०च्या आसपासचा वेग दाखवला होता, होंडाने २००च्या आसपास. आकड्यांतला हा फरक लहान आहे. तिथवर पोहोचण्यातला फरक मोठा आहे, आणि तो दंडांना जाणवतो. मी चालवलेल्या त्या काळातल्या इंजिनांत इतकं मोकळं, इतकं निरोगी वाटणारं दुसरं इंजिन नाही. हे मी मनापासून सांगतो.

मग होंडा का? कारण झेड-१ची खरी मजा जिथे सुरू होते, नेमकी तिथेच तिची चॅसी साथ सोडायला लागते. पाच हजारांच्या पुढे, वळणावर, रस्त्यावर एखादा उंचवटा आला की ती मधोमध पिळल्यासारखी हलते. हँडल डावी-उजवीकडे डुलतं आणि ते थांबेपर्यंत अॅक्सिलरेटर हळूच कमी करून बसावं लागतं. दोन्ही गाड्यांची चॅसी स्टीलच्या दुहेरी नळ्यांची आहे, मागे दोन शॉकअप आहेत, टायर पुढे ३.२५-१९ आणि मागे ४.००-१८. म्हणजे कागदावर हाडं सारखीच. कोरड्या वजनातही फार फरक नाही, होंडा सुमारे २१८ किलो आणि कावासाकी २३०. पण होंडाचं इंजिन या हाडांना झेपेल एवढंच जोर लावतं, कावासाकीचं त्याहून जास्त. होंडाही जोरात हाकलली तर डुलते, तिला मी पाठीशी घालत नाही. फक्त आज पन्नास वर्षांची गाडी घेऊन माणूस ज्या वेगाने जातो, त्या वेगात ती डुलत नाही.

झेड-१ सुधारता येते, हेही सांगायला हवं. स्टिअरिंगमधल्या गोट्या काढून टेपर रोलर बेअरिंग टाका, स्विंगआर्मचे बुश बदला, मागचे दमलेले शॉकअप फेकून चांगले बसवा आणि नव्या रबराचे टायर घाला. एवढं केलं की निम्म्याहून जास्त दोष जातो. यातला सगळ्यात मोठा वाटा टायरचा. टायर चांगले दिसत असले, नक्षी भरपूर असली, तरी रबर जुनं होऊन कडक झालं असेल तर बाकी सगळा खर्च पाण्यात. ही सगळी कामं होंडालाही तेवढीच फायद्याची आहेत. तिच्या स्विंगआर्मचे मूळचे बुश धातूचे नाहीत, ते झिजतात आणि मागचं चाक वळणावर आपल्या मनाने चालायला लागतं. ब्राँझचे बुश टाकले की गाडी सरळ रेषेत येते.

ब्रेकबद्दल थोडक्यात. दोन्हींना पुढे एक डिस्क, मागे ड्रम. दोन्हींच्या डिस्क स्टेनलेस स्टीलच्या, गंजू नयेत म्हणून. दोन्ही पावसात भिजल्या की पहिला क्षण लिव्हर दाबूनही काहीच होत नाही, आणि मग एकदम पकडतात. ओल्या रस्त्यावर डिस्क सुकवायला अधूनमधून हलका ब्रेक लावत जाणं ही सवय अंगी बाणवा. झेड-१च्या फोर्कवर दुसऱ्या बाजूलाही कॅलिपर बसवायची जागा कंपनीनेच देऊन ठेवली आहे. तिथे दुसरी डिस्क लावणं मी चैन समजत नाही, गरज समजतो. होंडाचा कॅलिपर एका आडव्या हातावर बसलेला आहे आणि तो हात एका खिळीवर झुलतो. ती खिळ गंजली की कॅलिपर सरकत नाही, एकच पॅड घासत राहतो आणि ब्रेक लाकडासारखा लागतो. ‘सीबी ७५०ला ब्रेकच नाही’ म्हणणाऱ्यांच्या गाडीची ती खिळ आधी काढून बघा. साफ करून, ग्रीस लावून, स्टॉपरचा स्क्रू सेट केला की तोच ब्रेक वेगळा वाटतो.

आता पान्याकडे येतो, कारण माझ्या मते या दोन गाड्यांतला खरा फरक इथेच आहे.

होंडाचे टॅपेट सेट करणं, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट जुळवणं, हे काम मला इतकं आवडतं की ते मी कुणाला करू देत नाही. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. टाकी काढायची, हेडवरची आठ गोल झाकणं उघडायची, उजव्या बाजूचं पॉइंटचं (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या स्विचचं) गोल झाकण काढायचं. तिथे क्रँकच्या टोकाला पाना लावून इंजिन सावकाश फिरवायचं, ‘१.४’ या खुणेजवळचं टी हे अक्षर समोरच्या रेघेला येईपर्यंत. आता पहिल्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर बोटाने हलवून बघायचे. दोन्ही सैल असतील तर पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आहे, नसतील तर चौथा. इनलेटला ०.०५ मिलिमीटर, एक्झॉस्टला ०.०८. फीलर गेजची पट्टी आत जाताना हलकीशी ओढली गेली पाहिजे, चिकटली नाही पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू जरासा फिरतोच, म्हणून आवळल्यावर पट्टी पुन्हा घालून बघायची. नाही जमलं तर सोडून परत. हाताला वळण लागलं की सगळं काम आरामात एका बैठकीत होतं. ना काही विकत आणायचं, ना कुणाला विचारायचं.

झेड-१ला हे सुख नाही. तिथे कॅम थेट बकेटवर, म्हणजे व्हॉल्व्हवर बसलेल्या टोपीवर, चालतो आणि फट ठरते ती बकेटच्या डोक्यावर बसलेल्या गोल चकतीच्या जाडीने. या चकत्या म्हणजे शिम ०.०५ मिलिमीटरच्या टप्प्याने मिळतात. आधी फट मोजायची. मग वेगळ्या हत्याराने बकेट दाबून धरायची, शिम उचलायची, तिची जाडी वाचायची किंवा मायक्रोमीटरने मोजायची, हिशोब करायचा आणि हवी ती शिम जवळ असेल तर घालायची. नसेल तर गाडी तशीच उघडी. पण या व्यवस्थेची दुसरी बाजू अशी की एकदा बसलेली फट फार काळ हलत नाही. होंडाचे टॅपेट मी नेमाने बघतो. कावासाकीचे बघतो तेव्हा बहुतेक वेळा झाकण परत लावण्यापलीकडे काही करावं लागत नाही.

हेड काढायचं झालं की मात्र पारडं पूर्ण उलटतं. झेड-१चं हेड आणि ब्लॉक इंजिन चॅसीत असतानाच निघतात. रिंगा बदलायच्या, व्हॉल्व्ह बसवायचे, गॅस्केट टाकायचं, सगळं गाडी उभी असताना होतं. होंडामध्ये वरचं कव्हरच चॅसीच्या नळ्यांना अडतं. म्हणजे हेड गॅस्केटच्या कोपऱ्यातून तेल पाझरायला लागलं, आणि या गाडीत ते कधी ना कधी पाझरतंच, की अख्खं इंजिन खाली उतरवण्याशिवाय गत्यंतर नाही. ते ऐंशी किलोच्या आसपासचं धूड आहे, एकट्याचं काम नाही. जाणकार उलटी युक्ती करतात. इंजिनाचे बोल्ट सोडवून गाडी गादीवर आडवी करतात आणि इंजिन तसंच ठेवून चॅसीच वर उचलून घेतात. काही जण वरची नळी कापून बोल्टने जोडता येईल अशी करून घेतात. मी त्याच्या विरोधात आहे. जी चॅसी मूळची सलग आहे, तिला आपल्या सोयीसाठी कापू नये.

मला यात दोन कंपन्यांचे दोन स्वभाव दिसतात. मालकाने रोजचं काम स्वतः करावं आणि आतलं उघडायची पाळीच येऊ नये, या हिशोबाने होंडाने गाडी मांडली. कावासाकीने असं धरलं की लोक हिला पिळणार, आत हात घालणार, मोठे पिस्टन टाकणार, तर दार मोठं ठेवा.

क्रँकमध्येही हेच दिसतं. होंडाचा क्रँक एकसंध घडवलेला आणि साध्या शेल बेअरिंगवर फिरणारा, मोटारींत असतो तसा. त्याला दाबाने येणारं स्वच्छ तेल सतत हवं. ते मिळालं तर तो न बोलता फिरत राहतो, आणि झिजलाच तर शेल बदलून काम भागतं. झेड-१चा क्रँक तुकडे प्रेसमध्ये दाबून जोडलेला, सगळीकडे रोलर बेअरिंग. तो भयंकर मजबूत आहे. ड्रॅग रेसवाल्यांनी मूळच्या ताकदीच्या कितीतरी पट जोर त्याच्यावर घातला आणि त्याने तो सोसला. पण बेअरिंग गेलंच तर ते घरच्या घरी होणारं काम नाही, प्रेस आणि डायल गेज घेऊन बसणारा कसबी माणूस लागतो. आणखी एक: रोलर क्रँकला तेलाचा दाब फार कमी पुरतो. होंडाची सवय असलेला माणूस झेड-१ला प्रेशर गेज लावतो आणि काटा तळाला बघून घाबरतो. तिथे तो तसाच असायचा असतो.

तेलाच्या बाबतीत होंडाचा एक नखरा आहे. तिचं तेल इंजिनाच्या पोटात नसतं, उजव्या बाजूच्या पॅनेलमागे वेगळी टाकी असते. गाडी बरेच दिवस उभी राहिली की टाकीतलं तेल हळूहळू झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं, मग डिपस्टिक कोरडी दिसते आणि लोक वरून तेल ओततात. तसं करू नका. इंजिन सुरू करून काही मिनिटं चालू द्या, बंद करा आणि मग मोजा. झेड-१ला क्लचच्या कव्हरवर काचेची खिडकी आहे, गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून वाकून बघितलं की झालं. तेल बदलताना होंडाच्या फिल्टरच्या बोल्टला जपा. त्याचं डोकं लहान आहे आणि जोर लावून लावून गोल झालेलं सर्रास आढळतं. रिंग पाना नीट बसवूनच फिरवा, आणि बसवताना गरजेपेक्षा जास्त आवळू नका.

विजेबद्दल दोन्ही सारख्याच जुन्या वळणाच्या: पॉइंटचे दोन जोड, १-४ला एक आणि २-३ला एक. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं की नाही यावर लोक भांडतात. मला पॉइंट आवडतात, कारण ते बिघडण्याआधी सूचना देतात. कॉइलपासून प्लगपर्यंतच्या वायर आणि प्लग कॅप मात्र नव्या टाका, त्यात कंजुषी नको. होंडाचं चार्जिंग कमी आरपीएमला तोकडं पडतं, त्यामुळे तिला जास्त वॉटचे दिवे लावू नका.

सुट्या भागांची परिस्थिती दोघींसाठीही बरी आहे, आणि ही पन्नास वर्षांच्या गाडीसाठी फार मोठी गोष्ट आहे. झेड घराण्याचं इंजिन पुढे वाढत वाढत १,०१५ सीसीपर्यंत गेलं. त्याच वंशातली केझेड १००० पोलीस गाडी २००५पर्यंत बनत होती. अलीकडे तर कावासाकीने झेड-१चं सिलिंडर हेडच पुन्हा ओतून विकायला काढलं. अशी आस्था दाखवणाऱ्या कंपनीबद्दल मला आदर वाटतो. होंडाचा एकाच कॅमचा हा साचा १९७८पर्यंत चालला आणि गाड्या इतक्या खपल्या की आतले भाग शोधले तर सापडतात. अडचण येते ती दिसणाऱ्या भागांची. चारही मूळ सायलेन्सर, त्यांवर उठवलेल्या एचएम ३०० किंवा एचएम ३४१ या खुणांसकट, गंज न लागलेले मिळणं कठीण. चार वेगळे सायलेन्सर काढून चारातून एक असा पाइप लावलेली गाडी दिसली तर नाक मुरडू नका. गाडी हलकी होते, साखळीपाशी हात पोहोचतो. फक्त कार्ब्युरेटरचे जेट त्या पाइपला जुळवलेले आहेत का, ते विचारून घ्या.

घ्यायला जाल तेव्हा होंडाची पहिली तपासणी पुढच्या स्प्रॉकेटच्या मागे करा. सुरुवातीच्या गाड्यांत साखळी तुटून गोळा होऊन क्रँककेस फोडायची. तिथे वेल्डिंगची रेघ किंवा मेणासारखा पुट्टीचा थर दिसला तर भाव पाडण्याचा प्रयत्नही करू नका, सरळ घरी या. झेड-१मध्ये चॅसीचा नंबर झेड-१-एफने आणि इंजिनाचा झेड-१-ईने सुरू होतो. दोन्ही आकडे एकसारखे नसतात, कारखान्यातूनच नव्हते, त्यामुळे फरक दिसला म्हणून घाबरू नका. पण फरक हजारोंनी असेल तर इंजिन दुसऱ्या गाडीचं आहे. पहिल्या वर्षीच्या गाड्यांचं इंजिन काळ्या रंगाचं होतं. आज कुणीही काळा रंग मारू शकतो, म्हणून रंग पाहू नका, नंबर पाहा.

ज्याच्याकडे जागा आहे, हत्यारं आहेत आणि ज्याला इंजिनाचं वेड आहे, त्याने झेड-१ घ्यावी, दुसरी डिस्क लावावी, चॅसीवर खर्च करावा. तिच्यासारखं इंजिन पुन्हा मिळणार नाही. ज्याला सकाळी उठून गाडी काढायची आहे, दिवसभर चालवायची आहे आणि संध्याकाळी हात न दुखता परत यायचं आहे, त्याने के१च्या पुढची कुठलीही नीट राखलेली सीबी ७५० घ्यावी. आणि समोर थकलेली होंडा आणि धडधाकट कावासाकी असेल, तर माझी आवड बाजूला ठेवून धडधाकट गाडी घ्या.

सौदा करण्याआधी एक करा. मालकाला आधीच सांगून ठेवा की गाडी सुरू करू नका, मला थंडच हवी. गेल्यावर आधी इंजिनाला हात लावून ते खरंच थंड आहे याची खात्री करा. मग सुरू करा आणि अर्ध्या मिनिटाने चारही एक्झॉस्ट पाइपवर, हेडपासून चार बोटं अंतरावर, पाण्याचा एकेक थेंब सोडा. चारही थेंब सारख्याच घाईने उडाले तर पुढचं बोलणं करा. एखादा थेंब रेंगाळला तर तो सिलिंडर नीट जळत नाही. कारण बंद झालेल्या जेटइतकं किरकोळ असेल किंवा जळालेल्या व्हॉल्व्हइतकं मोठं, आणि होंडामध्ये व्हॉल्व्ह म्हणजे इंजिन खाली, हे लक्षात ठेवून कॉम्प्रेशन गेज लावल्याशिवाय पैसे देऊ नका.